इंचांचा तक्ता

मी मेन स्विचचा दांडा खाली ओढला. पंप बंद पडला, शेडमधला दिवा गेला, आणि दाराच्या काचेतून मला दिसलं की माझा नवरा वाळूच्या पोत्यांआडून बाहेर आला आणि टाकीकडे चालू लागला.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पंप बंद केला की संकट टळलं, एवढंच मी धरून चालले होते. पण बेंगळुरात करंट जाणं काही नवं नव्हतं. करंट गेला की पंपावरच्या माणसांची रीत ठरलेली होती. आधी टाकीपाशी जायचं, काटा कुठवर आलाय ते जवळून बघून ठेवायचं, मग करंट येईपर्यंत विडी ओढायची. नवराही तसाच निघाला होता, हात मागे बांधून, सावकाश, बाजारात भाजी बघायला जावं तसा.

टाकीत हवा कोंडलेली होती आणि ती टाकीला पेलणारी नव्हती. फुटली तर जवळच्या माणसाचं काय उरेल हे सांगायला नको. आत तिघे होते. तिघांनाही हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, मी बाहेर होते, आणि दाराला आतून कडी होती.

दोन्ही हातांनी दार बडवलं. "अहो!" म्हणून ओरडले. आत तीन पुरुष, अहो म्हणजे त्यातला कोण? पंपाच्या आवाजानं त्यांचे कान बधिर झालेले. कुणी वळून पाहिलं नाही. मग मी नवऱ्याचं नाव घेऊन ओरडले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दोन मुलं झाली होती, पण ते नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. इथेही लिहीत नाही.

तो थांबला. पोती आणि टाकी यांच्या मधोमध थांबला.

तो तिथे उभा आहे तोवर मागचं सांगून घेते, नाहीतर मी कशासाठी ओरडत होते ते कळायचं नाही. नवऱ्याला एकेरी लिहिते आहे. बोलताना अहो-जाहोच होतं, पण लिहायला ते लांबतं.

आम्ही चामराजपेटेतले. मराठी बोलणारे, पण इथलेच. आमचे लोक इकडे कधी आले ते घरात कुणाला धड सांगता येत नसे. घरात मराठी, दारात कन्नड. पुण्याकडचा पाहुणा आला की आमचं बोलणं ऐकून हसायचा. हसू दे. मी चौथीपर्यंत शिकले, तेही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं आईनं पाटीवर शिकवली. सासऱ्यांचं शिवणाचं दुकान होतं, पण नवऱ्याला सुईपेक्षा पाना आवडला, म्हणून तो गावाबाहेरच्या एका संस्थेत पंपावर लागला. संस्थेचं नाव सांगत नाही. विमानांच्या कामाचं काहीतरी तिथे चाले. मोठमोठ्या लोखंडी टाक्यांत हवा कोंडायची आणि ती एकदम सोडून वारा करायचा, असलं काम.

पुढे तिथे गणित करणारं मशीन आलं. कॉम्प्युटर हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. त्याला थंड खोली, त्याला पडदे, त्याच्या खोलीत चप्पल चालत नसे. त्याला कामं सांगायची ती जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून. कार्डांचे गठ्ठे लांबट ट्रेमध्ये घालून इकडून तिकडे न्यायला माणूस हवा होता. पुरुषांनी दोनदा ट्रे पाडले. सगळी कार्डं विस्कटली. मग कुणीतरी म्हणालं की बाई ठेवा. नवऱ्यानं घरी येऊन विचारलं, "येतेस का? ओझं उचलायचं, बोलायचं नाही." मी गेले. मला बोलायची हौस नव्हतीच.

कामावर आम्ही एकमेकांना ओळख दाखवत नसू. एकाच बसनं यायचो, तो पुढच्या दारानं उतरायचा, मी मागच्या.

ते दिवस मापं बदलण्याचे. आणे जाऊन नये पैसे आले, शेर जाऊन किलो आला. भाजीवाली तागडी हातात धरून विचारायची, "अक्का, जुनं का नवं?" सासऱ्यांकडे नवी टेप आली तिच्या एका अंगाला इंच होते, दुसऱ्याला सेंटिमीटर. सासरे सेंटिमीटरची बाजू आत दुमडून ठेवत आणि गिऱ्हाइकाला सांगत, "हे सरकारचं माप आहे, माणसाचं नव्हे."

संस्थेतही तसंच, अर्धं जुनं, अर्धं नवं. टाक्यांचे पत्रे परदेशातून आलेले, त्यांची जाडी इंचांत. हवेचा दाब दाखवणारी घड्याळं मात्र नवीन, त्यावरचे आकडे नव्या मापाचे. आधी दाब पौंडांत बोलायचे, आता किलोत. पौंडांतला आकडा असता तर माझ्या नवऱ्यानंच कागद बघून म्हटलं असतं, हे काय भलतंच? नव्या मापाचा अंदाज अजून कुणाच्या हाताला बसला नव्हता. तीस म्हटलं काय आणि दहा म्हटलं काय, दोन्ही नवेच.

आता त्या मुलीचं. मशीनसाठी कामं लिहिणारी माणसं होती, त्यांतली ही एकटीच मुलगी. मल्लेश्वरमकडची, कन्नड, नुकतं कॉलेज संपवून आलेली, चष्मा, दोन वेण्या. मी तिला अम्मा म्हणायची, ती मला अक्का. मला माणूस समजून बोलणारी तिथे ती एकच होती. बाकीच्यांना मी चालता ट्रे.

मोठं काम एका माणसानं लिहायचं नाही, अशी पद्धत. मोठं काम गणिताचे साहेब लिहीत. त्यातली लहान लहान कामं दुसऱ्यांनी लिहून द्यायची. मोठ्या गठ्ठ्याच्या मागे लहान गठ्ठे लावून ट्रे भरायचा. मोठं काम चालता चालता लहान कामाला हाक मारतं. हाक हाच त्यांचा शब्द. हाक मारताना लागणारे आकडे त्याच्या हातात देतं. लहान काम आपलं गणित करतं, उत्तर देतं आणि गप्प बसतं.

साहेबांच्या मोठ्या कामात टाक्यांच्या पत्र्यांचा एक तक्ता होता, कुठली टाकी किती इंच जाडीची. त्यावरून प्रत्येक टाकीत किती दाब भरून बघायचा ते निघायचं. त्या मुलीकडे लहान काम होतं: त्याच तक्त्यावरून टाक्यांचं वजन काढायचं, किलोत. वजन क्रेनवाल्यांना हवं होतं. किलो काढायचे म्हणून तिनं आधी काय केलं, तर हातात आलेल्या तक्त्यातले इंच होते त्यांचे सेंटिमीटर करून टाकले. प्रत्येक आकड्याला अडीच पट आणि वर थोडं. मग वजन काढलं. वजन बरोबर आलं. तिचं काम चोख होतं.

पण तिला वाटलं होतं, हातात दिलेला तक्ता म्हणजे नक्कल. आपण आपल्या नकलेत काय वाटेल ते करावं. मशीन नक्कल देत नाही. मशीन फक्त सांगतं, तक्ता तिथे ठेवलाय, जा, बघ. तिनं तिच्या कामात त्या तक्त्याला दुसरं नाव दिलं होतं, त्यामुळे तर तिला तो स्वतःचाच वाटला. नावं दोन, तक्ता एक. तिचं काम संपलं तेव्हा साहेबांच्या तक्त्यातले इंच गेलेले होते आणि जागेवर सेंटिमीटर बसले होते, आणि हे साहेबांच्या कामाला सांगणारं कुणी नव्हतं.

हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतर तिनंच सांगितलं, बाकावर बसून, दोन-तीनदा. मला ते कळलं ते शिवणाच्या दुकानामुळे. सासऱ्यांकडे एक नवा कटर आला होता. गिऱ्हाइकाच्या मापाच्या चिठ्ठीतच तो शिवणीसाठी सोडायचं कापड मिळवून आकडा वाढवून लिहायचा. पुढचा कारागीर तीच चिठ्ठी बघून आणखी वाढवायचा. एका वकिलाचा कोट असा झाला की त्यात वकील आणि त्यांचा कारकून दोघे मावले असते. सासऱ्यांना मी मशीनची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "कोट उसवता येतो."

माझी नात आता व्हाइटफील्डला कॉम्प्युटरसाठी अशीच कामं लिहिते, गार ऑफिसात. तिला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "आजी, अजून होतं. गेल्या महिन्यात आमच्याकडे झालं." म्हणजे मशीन बदललं, खोड बदलली नाही.

इतके दिवस ही चूक बाहेर आली नव्हती, कारण साहेबांच्या कामात आधी दाब निघायचा आणि वजनाला हाक मागाहून जायची. तक्ता बिघडायचा तो सगळं झाल्यावर. त्या आठवड्यात क्रेनवाले घाई करू लागले. आम्हाला वजन आधी द्या, उन्हाळ्याच्या आत टाक्या हलवायच्या आहेत. साहेबांनी हाकेचं कार्ड उचलून पुढे लावलं. एक कार्ड. माझ्यासमोरच लावलं आणि म्हणाले, "हां, ने."

मशीननं कागद काढला. वजनाचं पान क्रेनवाल्यांना, दाबाचं पान पंपाच्या शेडला. दाबाचं पान सकाळी मीच नेऊन दिलं. त्यावर साहेबांची सही होती. पंपावरच्या मेस्त्रीनं ते पान माझ्या हातून घेतलं आणि माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या खिळ्याला लावलं. नवरा तिथेच पाना पुसत होता. त्यानंही बघितलं नाही. ठरल्याप्रमाणे.

त्या दिवशी भरायच्या टाकीचा पत्रा अर्ध्या इंचाचा. खरा आकडा पंधरा यायला हवा होता. पानावर अडतीस होता.

असली चाचणी पाण्यानं करतात. पाण्यानं टाकी फुटली तर भिजायला होतं. पण ती टाकी आतून ओली झालेली चालत नव्हती, म्हणून हवेनंच करायचं ठरलं होतं. हवा कोंडलेली टाकी फुटली तर तिचे तुकडे होतात. म्हणून वाळूची पोती, म्हणून दाराला आतून कडी.

दुपारी मी ट्रे पुसत होते. ती मुलगी मशीनच्या कागदाची उरलेली प्रत घेऊन बसली होती, डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, खात, एका हातानं कागद उलटत. कागदाच्या सुरुवातीला तक्ता छापलेला असायचा आणि शेवटी पुन्हा एकदा, साहेबांची सवय. ती शेवटाला आली आणि तिचा घास तोंडातच राहिला.

"अक्का," ती म्हणाली, "हे माझे आकडे इथे कसे आले?"

मी म्हटलं, "मला काय विचारता अम्मा?"

तिनं पहिलं पान काढलं, शेवटचं पान काढलं, शेजारी शेजारी धरली. वर अर्धा, खाली एकाच्या पुढे काहीतरी. "माझे आहेत हे. माझ्या कामातले. ह्यांनी बाहेर कसं यावं?" मग तिनं मधलं पान बघितलं, दाबाचं. तिचा चेहरा असा झाला की मीच ट्रे खाली ठेवला.

"हे पान कुठे गेलं?"

"शेडला. मी दिलं सकाळी."

"अय्यो. आज भरणार आहेत?"

"भरताहेत. जेवणाच्या आधीपासून पंप चालू आहे. ऐका ना."

पंप तिथवर ऐकू यायचा. धाड धाड धाड, लांबून, एका चालीत. तिनं फोन उचलला. शेडमध्ये फोन होता, पण पंप चालू असताना तो कोण ऐकणार? वाजत राहिला. साहेब पाहुण्यांबरोबर गेटाबाहेर गेलेले. तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून कन्नडमध्ये भराभर म्हणाली, "अडीच पट आहे. अडीच पट जास्त. टाकी फुटेल. आत कोण आहे?"

मी म्हटलं, "माझा नवरा आहे."

हे त्या इमारतीत मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

आम्ही पळालो. मी निऱ्या वर खोचल्या. ती माझ्यापेक्षा लहान, पण तिला पळायची सवय नव्हती. निलगिरीच्या झाडांपाशी तिची चप्पल तुटली आणि ती मागे राहिली. मी थांबले नाही. पळताना मी देवाचं नाव घेतलं असं म्हणायला बरं वाटलं असतं. घेतलं नाही. मी पंप ऐकत होते. पंप चालू आहे म्हणजे टाकी शाबूत आहे. आता आवाज थांबला तर आधी दुसरा एक आवाज होईल आणि मग थांबेल, एवढंच डोक्यात होतं. प्रत्येक धाडीला वाटायचं हीच ती. तोंडाला चव लोखंडाची.

शेडच्या बाहेरच्या भिंतीवर मेन स्विचची पेटी होती. तिच्यावर कवटी रंगवलेली आणि कन्नडमध्ये लिहिलेलं, अपाय. आपल्याकडे अपाय म्हणजे इजा, त्यांच्याकडे धोका. दार बडवून उपयोग नव्हता, म्हणून मी पेटी उघडली आणि दांडा ओढला.

आता तो मधोमध उभा आहे.

माझ्याकडे वळून त्यानं बघितलं. काचेतून त्याला माझं फक्त तोंड दिसत असणार. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण टाकीला भिऊन नव्हे. तो म्हणाला, "कोण गेलं? आई?"

बायको नाव घेते म्हणजे घरात कुणीतरी मेलं, असं त्याला वाटलं.

"कुणी गेलं नाही! मागे व्हा! टाकीपासून मागे व्हा!"

"काय झालं?"

"आकडा चुकलाय. कागदावरचा आकडा चुकलाय. अडीच पटीनं जास्त आहे. मागे व्हा म्हणते ना!"

तो दोन पावलं मागे आला. एवढ्यात मेस्त्री पोत्यांआडून बाहेर आला. म्हातारा, तोंडात पान, पंपावर आयुष्य गेलेलं. त्यानं कडी काढून दार उघडलं आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"करंट तू काढलास?"

"हो."

"ही तुझी बायको काय रे?" त्यानं नवऱ्याला विचारलं. "घरात तुझा करंट काढते ते पुरत नाही, म्हणून इथे आली?"

"मेस्त्री, ती म्हणते आकडा चुकलाय."

"कागदावर साहेबांची सही आहे. ही कोण? ट्रे उचलणारी. उद्या गेटावरचा गुरखा येऊन सांगेल दाब किती भरायचा." त्यानं स्विचच्या पेटीकडे हात केला. "चालू कर. स्वल्पच राहिलंय. तेहतिसाला आलाय काटा."

मी पेटीपुढे उभी राहिले. म्हटलं, "हात लावलात तर चावेन."

म्हटलं खरं. विनोद करायचा म्हणून नव्हे.

तिसरा माणूस, तमिळ हेल्पर, चाळिशीचा, आमचं कन्नड ऐकत होता. तो दारातून बाहेर पडला, सरळ चालत लांबच्या चिंचेखाली गेला आणि खोडामागे बसला. त्या दिवशी तिथे शहाणा तोच.

मग ती मुलगी आली, एका पायात चप्पल, कागद छातीशी. तिला धाप लागली होती, बोलता येईना. तिनं मेस्त्रीपुढे बोटं धरली. पंधरा. "पंधरा पाहिजे. अडतीस नव्हे. माझी चूक आहे, साहेबांची नाही, माझ्या कामानं त्यांचा तक्ता बदलला..."

मेस्त्रीला तक्ता-बिक्ता कळला नाही. पण चूक माझी म्हणणारं माणूस त्या संस्थेत त्यानं पाहिलं नसावं. त्यानं पान थुंकलं. "पंधरा?" त्यानं आत वळून टाकीकडे बघितलं. "आणि आत्ता तेहतीस आहे."

त्याच वेळी टाकी वाजली. मोठा आवाज नव्हता. टक. बोट मोडावं तेवढाच. आम्ही चौघांनीही ऐकलं आणि कुणीच हललं नाही.

हवा बाहेर काढायचा व्हॉल्व्ह टाकीलाच होता, खालच्या अंगाला. तिथे कुणीतरी जायला हवं होतं. तशीच सोडून पळालो तर? फुटली असती, किंवा नसती. शेडच्या मागे क्रेनवाले जेवायला बसलेले होते, भिंतीपलीकडे, त्यांना काही माहीत नव्हतं. मेस्त्री म्हणाला, "मी जातो." नवरा म्हणाला, "तुमचे गुडघे वाकत नाहीत." आणि तो गेला. एवढंच बोलणं झालं. मी काय म्हणणार? जाऊ नका म्हटलं तर पलीकडचे लोक, जा म्हटलं तर हा.

तो ओणवा होऊन गेला, नंतर बसून सरकत गेला. व्हॉल्व्हचं चाक त्यानं धरलं आणि हळू फिरवलं. एकदम उघडलं तर बाहेरची नळी सुटून माणसाला मारते. थोडं फिरवलं, थांबला. हवा बाहेर पडू लागली. शिट्टीसारखा आवाज, पण इतका बारीक आणि इतका मोठा की दात शिवशिवायचे. मेस्त्री मला बाहेर ओढत होता. मी दाराची चौकट धरून ठेवली. मला बघायचं नव्हतं आणि नजर काढताही येत नव्हती. त्याच्या पाठीवर घामानं सदरा चिकटला होता. मी त्या सदऱ्याकडे बघत राहिले. सदऱ्याच्या बाहीला मी लावलेलं ठिगळ होतं, त्याचे टाके मोठे पडले होते, हे मला तेव्हा दिसलं. भीतीत माणूस असलं काहीही बघतं.

काटा उतरत होता. मुलगी पुटपुटत होती, "तीस... एकोणतीस..." मी तिला म्हटलं, "गप्प बसा."

आणि टाकीच्या झाकणाचा एक बोल्ट तुटला. तोफ उडावी तसं झालं. बोल्ट छपराचा पत्रा फाडून वर गेला. धुरळा खाली आला आणि मला टाकी दिसेना, नवरा दिसेना. शिट्टी चालूच होती. मेस्त्री खाली बसून दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडत होता, काय ते ऐकू येत नव्हतं. मी वाट बघत होते दुसऱ्या बोल्टाची. एक तुटला की शेजारच्यावर भार येतो, मग तो, मग झाकणच. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. गळ्याजवळचं एक बटण तुटलं की सदरा कसा उसवत जातो, तसं.

दुसरा तुटला नाही.

धुरळा बसला तेव्हा नवरा तिथेच होता, आडवा पडलेला, चाक हातात. मला वाटलं संपलं. मग हात हलला. चाक अजून थोडं फिरलं. आडवा पडूनच तो फिरवत होता. शिट्टी जाड झाली, मग घरघर झाली, मग नळीतून नुसता वारा यायला लागला, तोंडानं फुंकावा तसा. मेस्त्री उठून आत गेला आणि काट्यापाशी डोळे नेऊन म्हणाला, "सरी, ठीक. काटा बसला."

नवरा बाहेर येऊन भिंतीला टेकून बसला. उजव्या कानातून रक्त येत होतं. मी पदरानं पुसलं. तो मोठ्यानं म्हणाला, "हळू बोल." मी बोललेच नव्हते.

चौकशी झाली. साहेब म्हणाले, कार्ड मी हलवलं. मुलगी म्हणाली, तक्ता मी बदलला. दोघांनाही कुणी काढलं नाही. तिनं मात्र पुढे कित्येक दिवस डब्यातलं तसंच परत नेलं. मी तिला म्हटलं, "खा अम्मा, न खाल्ल्यानं तो कान बरा व्हायचा नाही." ती रडली, मग खाल्लं. संस्थेत नवा नियम लागला: लहान कामाच्या हातात आलेला तक्ता कुणी बदलायचा नाही, बदलायचा तर आधी स्वतःची नक्कल करून घ्यायची आणि नकलेत काय तो गोंधळ घालायचा. हेल्परनं पंपावरचं काम सोडलं आणि कॅंटीनमध्ये लागला. मी ट्रे उचलत राहिले.

झोपेत मला ती शिट्टी पुष्कळ वर्षं ऐकू यायची. नवऱ्याला काहीच ऐकू यायचं नाही, उजवा कान गेला तो गेलाच.

शेडमध्ये त्या दिवशी तिघे होते. माझा नवरा, मेस्त्री आणि हेल्पर. तिघेही जगले.